दिघे सर उतारा सोडवतात

आमच्या कोल्हारच्या चौकात वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला की लोक आधी फोटो बघतात. दिघे सर मात्र सायकल स्टँडवर लावतात, चष्मा पुसतात आणि फ्लेक्स वरपासून शेवटच्या 'शुभेच्छुक'पर्यंत वाचून काढतात. मग समोरच माझ्या दुकानात येऊन निकाल देतात. "शुभेच्छा हा मुख्य हेतू नव्हे. खालच्या बेचाळीस जणांनी आपापले फोटो छापून घेणे, हा मुख्य हेतू."

सर हायस्कुलात मराठी शिकवायचे. कविता शिकवल्या, व्याकरण शिकवलं, पण त्यांचा जीव उताऱ्यात. दहा-बारा ओळींचा उतारा, खाली प्रश्न: या उताऱ्याचा मुख्य हेतू कोणता? आणि चार पर्याय. उत्तर चुकलं तर मारायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "पाल्हाळात अडकलास बाळ." वर्ग हसायचा आणि आपण मेल्याहून मेले होऊन खाली बसायचो. मी दहावीला दोनदा बसलो ते गणितामुळे, उताऱ्यामुळे नव्हे. हे इथं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण सर गावभर उलटं सांगतात.

लग्न त्यांनी केलं नाही. का, म्हणून विचारलं की "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे," एवढंच उत्तर. निवृत्तीनंतर रोज सकाळी नऊला ते माझ्या कृषी सेवा केंद्राच्या बाकावर हजर. फवारणीच्या औषधाबरोबर मुंगीच्या अक्षरातलं एक घडीपत्रक येतं. ते सगळं वाचणारा अख्ख्या तालुक्यात हा एकच माणूस असावा. "पीक वाचवणे हा गौण हेतू. उद्या काही झालं तर कंपनी वाचवणे, हा मुख्य."

गिऱ्हाइकांनाही सुटका नाही. एकदा एक पाव्हणा आला. पाऊसपाणी झालं, मेव्हण्याचं ऑपरेशन झालं, बिबट्या कुठं दिसला तेही झालं. मी हं हं करतोय. सरांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "यांच्याकडे कांद्याचं रोप उरलंय. तुला गिऱ्हाईक बघायला सांगतायत." पाव्हणा गारच पडला. "व्हय की! पन सर, मी तितवर आलोच नव्हतो अजून!"

खरी पंचाईत दशक्रियेला होते. आमच्याकडे प्रवरेच्या घाटावर कावळा शिवायच्या आधी पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात, आणि एकदा माईक हातात आला की सोडत नाहीत. अशाच एका दहाव्याला एक भावी उमेदवार पंचवीस मिनिटं बोलले. ते थांबले तसा पहिल्या रांगेतून सरांचा खणखणीत आवाज आला, "मयताचा उल्लेख दोनदा. तिकिटाचा सहा वेळा." मयताचा सख्खा मुलगासुद्धा तोंडाला उपरणं लावून हसला. तेव्हापासून सर घाटावर दिसले की भाषणं आपोआप आखूड होतात, आणि त्याबद्दल गाव त्यांचं मनापासून ऋणी आहे.

असा हा माणूस. पण एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती. राजूरला त्यांची धाकटी बहीण असते, सिंधूताई. रक्ताचं म्हणावं असं तेवढंच. अकरा वर्षांपूर्वी ताईंनी घर बांधलं. वास्तुशांतीला भाऊ आला नाही, कारण भाऊ दहावीचे पेपर तपासत होता. ताईंनी रागानं चार पानी पत्र लिहिलं. सरांच्या हातात लाल पेन होतंच. त्यांनी पत्र तपासलं आणि शेरा मारून परत पाठवलं: मुख्य मुद्दा चौथ्या पानावर आला आहे. पाल्हाळ टाळावा. दहापैकी चार.

"मला वाटलं, हसेल," सर म्हणाले. "लहानपणी मार्कांवरून भांडायची माझ्याशी." ताई हसल्या नाहीत. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही, राखी नाही.

आणि गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सर दुकानात आले ते बाकावर बसलेच नाहीत. मोबाईल काउंटरवर ठेवला. "वाच."

ताईंचा मेसेज होता. 'दादा, वैशूचं लग्न रविवारी हाय, घरीच मांडव हाय. तुजी तब्येत बरी नसंल तर येऊ नको. लई लांब पडतं, घाट हाय. मामाचं काम काय, भावकीतला कोनीबी करील. पत्रिका छापायची हुती म्हनून मामाच्या जागी तुजं नाव टाकलंय. गुडघ्याला तेल लावीत जा.'

सरांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात पर्याय लिहिलेले. (अ) लग्नाची माहिती देणे. (ब) प्रकृतीची काळजी घेण्यास सांगणे. (क) येऊ नये असे सुचवणे. (ड) कोरा. सर म्हणाले, "उत्तर क. 'येऊ नको' हे शब्द उताऱ्यात स्पष्ट आहेत."

माझी बायको शोभा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "अवो सर, बोलावतीय की ती तुमाला!"

"पुरावा?"

"गुडघ्याला तेल लाव म्हन्ती, ते काय घरी बसायसाठी? अन् मामा न्हाई आला तर पोरीला मांडवात आनायचं कोनी?"

सरांनी कागदाची घडी करून खिशात घातली. पण पुढचे दोन दिवस त्यांनी गाव डोक्यावर घेतलं. न्हाव्याला मेसेज दाखवला, पोस्टमनला दाखवला, एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलरला दाखवला. एकजात सगळे म्हणाले, जा. सर म्हणाले, बहुमतानं उत्तर ठरत नसतं. मला तर शनिवारपर्यंत त्यांचा इतका वैताग आला, की मेसेजचे शब्द झोपेतही ऐकू यायला लागले.

रविवारी सकाळी आठला दार उघडलं तर सर उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत साडी. "गाडी काढ," एवढंच म्हणाले.

संगमनेर गेलं, अकोलं गेलं. रस्त्यावर इतके फलक, सरांनी एकाचाही हेतू सांगितला नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. घाट चढताना म्हणाले, "उत्तर मला पहिल्या वाचनातच कळलं होतं."

"मग दोन दिवस आमचा जीव कशाला खाल्लात?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "त्या पत्राच्या वेळीही मला वाटलं होतं, मला कळलंय. या खेपेला चुकलो तर दुसरी बहीण नाही रे मला."

उभ्या आयुष्यात मी सरांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार माया आली.

पोचायला साडेअकरा झाले. मुहूर्त सव्वाबाराचा. सिंधूताई मांडवाच्या तोंडाशीच उभ्या होत्या. भावाला पाहताच कडाडल्या, "कशाला आला एवढ्या लांब? नको म्हनलं हुतं ना?" आणि म्हणता म्हणता त्यांनी सरांच्या हातातली पिशवी काढून घेतली.



तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली वैशू बाहेर आली. मामाला ती शाळकरी वयानंतर पहिल्यांदाच बघत होती. वाकून पाया पडली आणि म्हणाली, "लई उशीर केला मामा. भावकीतले सकाळधरनं मामाचा फेटा मागत्यात. आई कोनालाच देईना. म्हन्ती, त्यो निघालाय, घाटात असंल."

आम्ही निघाल्याचं ताईंना कोणीच कळवलं नव्हतं. सरांनी तर मेसेजला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

सर तिथंच मांडवातल्या पहिल्या खुर्चीवर बसले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर लहान पोरासारखे रडले. ताई त्यांच्यामागं उभ्या राहून फेटा बांधत होत्या आणि दर वेढ्याला म्हणत होत्या, "मान हलवू नको, दादा."