बाबाचा सॅमन सगळ्यांनी ऐकला

"बाबा, मुलीच्या हातात गळ दिला तर मासे बुडून मरतात का?"

हा प्रश्न विचारून दाखवच, म्हणून मैत्रिणींनी डारियाला वर्गात डिवचलं होतं. तिने तो रविवारी सकाळी, अमेरिकेतल्या सॅन हुआन बेटांजवळच्या गारठ्यात, भर समुद्रात विचारून टाकला!

बाबाला कॉफीचा ठसका लागला. "गळाला हात लागतो, डारिया, अनुभवी हात! तू आपलं सुकाणू धर."

सुकाणूच तर धरत होती ती, दर हिवाळ्यात! अनुभवी हात मात्र दर हिवाळ्यात रिकामेच परत यायचे.

"आज मासा नावेत आला नाही तर?"

"तर पुढच्या रविवारी गळ तुझा! अगं, आईला लोणी वितळवून ठेवायला सांगून आलोय मी!"

नाव गोगलगाईच्या चालीने निघाली. मागे खोल पाण्यात हेरिंग माशाचं आमिष. आणि काय आश्चर्य, गळाची काठी खरंच वाकली! बाबाने आधी गळ सोडून रेडिओच धरला. "ऐका रे सगळे! लागलाय! राक्षस आहे, राक्षस!" मग माईक बाकावर टाकला आणि जोर लावायला म्हणून त्याच्यावरच फतकल मारली.

"ये रे माझ्या राजा, ये रे सोन्या..." इतक्या लाडाने तो आईशीसुद्धा कधी बोलला नव्हता!

सॅमन नावेला येऊन टेकला. उशीएवढा जाड! डारिया वाकली आणि तिने कपाळाला हात लावला. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा चिमुकला पर कापूनच त्यांना सोडतात. तो पर नसेल तरच मासा आपला. इथे तर पर झेंड्यासारखा ताठ उभा!

"बाबा, हा रानटी आहे. सोडायचा."

"पर? कुठाय पर? शेवाळ चिकटलंय ते!"

"शेवाळ हलतंय, बाबा. माशाबरोबर."

बाबाने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "नखाएवढा तर आहे... तुझ्या दप्तरात कात्री असते ना गं?"

"बाबा!!"

शेजारच्या नावेवरून म्हातारे व्हिन्कोकाका ओरडले, "निको, कात्री राहू दे! आधी माईकवरून ऊठ! बटण दाबलं गेलंय, सगळी खाडी ऐकतेय!"

बाबा विंचू चावल्यासारखा उठला. रेडिओ खरखरला आणि आईचा आवाज आला. ती धक्क्यावरच्या खानावळीत काम करते, तिथे रेडिओ दिवसभर चालू असतो. "निको, लोणी परत फ्रीजमध्ये ठेवलंय. आणि हो, मला कधी 'सोन्या' म्हणाला नाहीस रे?"

आजूबाजूच्या नावांवर हशा पिकला. डारियाने चिमट्याने गळ सोडवला. सॅमनने जाता जाता बाबाच्या तोंडावर शेपटी मारली. अनुभवी शेपटी!

धक्क्यावर आई कंबरेवर हात ठेवून उभीच होती.

"लागला तर होता ना?" बाबा पुटपुटला. "पैज मीच..."

"नावेत आला नाही!" डारियाने दोघांसमोर जाहीर करून टाकलं. "पुढच्या रविवारी गळ मी धरणार. सुकाणू बाबा धरेल. उभ्याने!"