बारशिंग्याची मोहीम आणि खुशालरावांचे दार

कामठा गावचे धानपती राजमान्य राजश्री दुलीचंदजी यांनी परमुलुखी जाऊन बारशिंगा नजरेस घातला, त्या स्वारीचा मजकूर, ऐकीव व पाहिलेला दोन्ही जमवून, पदरचे मीठ फारसे न घालता येथे लिहिला आहे. वाचणाऱ्याने खुशाल हसावे, फक्त चहा पिताना हसू नये.

त्या साली धानाची मळणी आटोपली आणि धनी ओसरीवर रिकामे बसले, तेव्हा सुमित्राबाईसाहेबांनी अर्ज गुजारला, की संसाराच्या बावीस वर्षांत आपण उभयतांनी बाघ नदी ओलांडली ती एक तर लग्नास नाही तर तेरवीस, नुसते फिरायला म्हणोन एकदाही नाही. अर्ज वर्मी लागला. मग धन्यांनी कान्हाच्या रानात दुपारच्या जिप्सीत दोन जागा मुक्रर केल्या, आणि जबान दिली, की तुम्हांस बारशिंगा दाखवीन तरच मिशीला पीळ देईन. मिशी मुळातच बेताची, सबब प्रतिज्ञा सोयीची होती.

परंतु वाटेत एक बाका घाट होता. नदीपलीकडे सडकेलगत बाईसाहेबांचे सख्खे बंधू खुशालराव यांचे ठाणे, आणि त्या दारावरून चहावाचून पाखरूही पुढे गेले नव्हते. चहामागे जेवण, जेवणामागे कोंबडीचा आग्रह, आग्रहामागे झोप, ऐसा तो चक्रव्यूह. थांबावे तर रानाचा दरवाजा बंद, आणि सख्ख्या साळ्यास टाळून जावे तर सात पिढ्यांचा बोल. लिहिणाराही त्या दारी दोनदा कामास आला आहे.

मग तयारीस आरंभ जाहला. गोंदियाच्या बाजारातून दुर्बीण आली, फौजी छापाचा हिरवा-मातकट पोशाख आला, कानांवरून उतरणारी टोपी आली, आणि धनी तो सरंजाम चढवून घरामागच्या धानाच्या बांधीत रांगत, जनावरास चाहूल न देण्याची कसरत करू लागले. घरच्या गाईने लांबूनच ओळखले आणि येऊन कान चाटला. मातोश्री देवकाबाईंनी मात्र दाराआडून पाहिले, पदर सावरला आणि बोलल्या, "साहेब, दुलीचंद घरी नाही जी. अन् हे लाकडं आमी जंगलातून नाही आणले." जनावर फसेना आणि जन्मदाती फसली, ऐसी त्या वस्त्राची उलटी करामत पाहून धनी खट्टू जाहले. बाईसाहेब मात्र चुलीपाशी विचारात पडल्या.

कूचाचे दिवशी मातोश्रींनी आवळ्याच्या लोणच्याची बरणी हाती दिली. "जाऊनच राहिला त खुशालले देजो." आज्ञा मोडवेना आणि पाळवेना, ऐशा पेचात फटफटी पुलापार गेली. तेथे बाईसाहेबांनी ती थांबवून फर्मान काढले, की रानचा पोशाख येथेच चढवावा, आणि कारण विचारू नये. स्वतः तोंडास डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळला.

खुशालराव दारी खाटेवर बसलेच होते, आणि दारासमोर गतिरोधक, तोही त्यांनीच मागणी करोन घालून घेतलेला. फटफटी मंदावली. खुशालराव उठोन उभे राहिले. "रामराम साहेब, चाय घेऊन जा जी."

बावीस वर्षांची सवय. धन्यांचा पाय ब्रेकवर गेला आणि रामराम जिभेवर आला. तोच मागून चिमटा बसला. "मान नका हालवू. चला." धनी चालले. पुढे कोसभर पाठीशी काहीतरी हलत होते. माहेर सोडताना बाई दर खेपेस रडतात, म्हणोन धनी घाबरले, आणि वळोन पाहतात तो बाई हसत होत्या, इतक्या की दुपट्टा सुटला. धन्यांचा ऊर भरोन आला.

दुपारी बारशिंगा दिसला. त्याने मान उचलोन पोशाख न्याहाळला, मोजदादीत धरला नाही, आणि गवत खात राहिला. बाईंनी दुर्बीण न घेता डोळे भरून पाहिला.

दुसरे दिवशी परतताना, घरच्या कपड्यांत, लोणचे पोचते केले. खुशालरावांनी चहा ओतत गाऱ्हाणे मांडले, "काल फारेस्टचा एक साहेब बायकोले घेऊन गेला जी. एवढं बोलावलं, मान बी नाही हालवली. लोकाइले माणुसकीच नाही राहिली."

उभयतांनी "होय जी" म्हणोन दुसरा कप घेतला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्या दारी मग दोन दिवस मुक्काम पडला, तो पराभवात धरू नये.