वसुंधरा संकुलाची पूर्वतयारी

इमारत पडायला क्षण पुरतो. ती दुरुस्त करायची हे ठरायला वर्षं लागतात. या मधल्या काळाला सुसंस्कृत समाजात पूर्वतयारी म्हणतात. उस्मानपुऱ्यातल्या वसुंधरा व्यापारी संकुलाइतकी कसून पूर्वतयारी संभाजीनगरात दुसऱ्या कुठल्या इमारतीची झाली नसेल.

डॉ. उमा कहाळेकर यांचा दातांचा दवाखाना या संकुलाच्या पहिल्या मजल्यावर होता. खाली प्रवेशद्वारावर लांबरुंद छज्जा. एका सकाळी त्याचा पोळपाटाएवढा तुकडा सुटला आणि एका पेशंटच्या स्कूटरवर जाऊन बसला. पेशंट त्या वेळी वर खुर्चीत होता. (आवाज त्यानं ऐकला, पण तोंडात कापूस असल्यानं मत देता आलं नाही.) उमाताई धावत खाली आल्या. वर पाहतात तर हिरडी सरकून दाताची मुळं उघडी पडावीत तशा छज्ज्याच्या गंजक्या सळया दिसत होत्या.

त्यांनी तक्रार केली. तक्रार करणाऱ्यालाच सचिव करून टाकावं, हा आपल्याकडचा अनुभवसिद्ध तोडगा. त्यानुसार 'वसुंधरा पुनरुज्जीवन पूर्वतयारी समिती' स्थापन झाली आणि उमाताई सचिव झाल्या. अध्यक्ष नानासाहेब. चितेगावला त्यांची शेती, संकुलात खत-बियाण्यांचं मोठं दुकान, आणि कुठलीही सभा चहापर्यंत आणून तिथं संपवण्याचं कसब.

"डॉक्टरीणबाई, काम तर करायचंच हाय," ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. "पर घाई नाय करायची. घाई केली की काम होऊन जातं, अन् मग लोक नावं ठेवत्यात."

उमाताईंनी तरीही प्रेरणा नावाच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. प्रेरणानं छज्ज्यावर हातोडी ठोकली, कान लावला आणि म्हणाली, "आतून पोकळ झालाय. आजच खालून लोखंडी टेकू लावा. मग तळमजल्याची दुकानं आणि वरचा दवाखाना रिकामा करून हा उतरवावा लागेल. आणि काहीही झालं तरी तोवर टेकू काढायचे नाहीत."

टेकू लागले. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवाल्या सत्यमनं त्यांच्यावर मोबाइलची कव्हरं टांगली. "मॅडम, मजबुती बी अन् डिस्प्ले बी," तो म्हणाला.

मग समितीनं गाळेधारकांची मतं घेतली. शंभर टक्के गाळेधारक दुरुस्तीच्या बाजूचे निघाले. तितकेच टक्के असंही म्हणाले, की आधी शेजारचा गाळा रिकामा व्हावा. अशी एकवाक्यता लोकशाहीत क्वचितच दिसते.

पुढचे महिने कामाची नुसती धांदल होती. रंग उपसमिती फिकट बदामी आणि राजेशाही मरून यांवरून दुभंगली, आणि एका गटानं दुसऱ्याकडे चहा घेणं बंद केलं. उद्घाटन उपसमितीनं कोनशिलेवरच्या नावांचा क्रम ठरवला. (इमारतीचं नाव शेवटी, जागा उरल्यास.) जुन्या वास्तू कशा टिकतात याचा अभ्यास करायला समिती अजिंठ्याला जाऊन आली. फर्दापूरच्या मुक्कामात शेवभाजी उत्तम मिळाली, आणि लेणी इतकी शतकं कुठल्याही गाळेधारकाला न हलवता उभी आहेत, असा निष्कर्ष एकमतानं निघाला.

उमाताई सहलीला गेल्या नाहीत. पेशंट जिना चढायला लागला की त्यांचे कान त्याच्या पावलांकडे लागत. एकदा एक आजोबा छज्ज्याखाली उभं राहून निवांत तंबाखू मळत होते, तेव्हा त्या हातातली सुई तशीच ठेवून खाली धावल्या आणि त्यांना दंडाला धरून आत घेऊन आल्या. कुणीच पहिलं निघायला तयार नाही ना, तर आपण निघू, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

हे बोलायला सोपं होतं. दवाखाना त्यांनी लग्नाआधी सुरू केला होता. खुर्ची टेम्पोत चढताना त्यांनी मान फिरवली. चिकलठाण्याला भाड्यानं मिळालेल्या खोलीत जुने पेशंट येईनात. "लई लांब पडतंय हो ताई," एकीनं फोनवर सांगितलं, "आता दुखलं तर दुखलं."

समितीचा मात्र ऊर भरून आला. पुनरुज्जीवनातलं हे पहिलं प्रत्यक्ष काम! त्याचा सत्कार नको? सत्कार अर्थातच प्रवेशद्वारात, छज्ज्याखाली ठरला.

उमाताई येऊन पाहतात तर फ्लेक्सची कमान उभी, खुर्च्या मांडलेल्या, आणि टेकू काढून भिंतीला लावून ठेवलेले. कमान मावत नव्हती.

"नानासाहेब, टेकू कुणी काढले?"

"तासाभराचा तर प्रश्न हाय, डॉक्टरीणबाई. इतकी वर्षं उभा हाय तो, आजून तासभर ऱ्हाईल की."

"पडेल हो तो!"

सगळ्यांनी आदरानं वर पाहिलं, मग आदरानं त्यांच्याकडे पाहिलं. सत्कारमूर्ती भावनाविवश झाल्या आहेत, हे माइकवाल्याच्याही लक्षात आलं. उमाताईंनी प्रेरणाला फोन लावला. ती म्हणाली, "मी निघाले. तोवर एकेकाला तिथून बाहेर काढा."

काढणार कसं? छज्ज्यातून बारीक वाळू नानासाहेबांच्या फेट्यावर उतरत होती. उमाताईंना एकदम सुचलं. भीती दाखवली म्हणून या माणसांनी आजवर कधी दात काढून घेतला नव्हता. लग्नाच्या फोटोत वाईट दिसेल म्हटलं की हेच लोक निमूट तोंड उघडत.

"नानासाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "इथं फोटोत तुम्ही येताय, पण इमारत येत नाहीये. पेपरात द्यायचा तर मागं सगळं संकुल दिसायला पाहिजे."

"व्हय की!" नानासाहेब उठलेच. "अरे, चला रस्त्यापलीकडं! खुर्च्या ऱ्हाऊ द्या!"

समितीच्या इतिहासात एवढ्या तातडीनं कुठल्याच ठरावाची अंमलबजावणी झाली नव्हती. सत्यमनंसुद्धा शटर ओढलं. मागं राहिल्या त्या फक्त शिवणकामवाल्या रत्नमालाबाई, हातात ओवाळणीचं ताट घेऊन. "तिकडं ऊन लई हाय," त्या म्हणाल्या. "मी हितंच थांबते, तुम्ही फोटो काढून या."

उमाताई रस्ता ओलांडून परत गेल्या, त्यांच्या मनगटाला धरलं आणि अक्षरशः ओढत घेऊन आल्या. निरांजन विझलं, कुंकू सांडलं. रत्नमालाबाई रागानं काहीतरी बोलत होत्या, पण ते कुणाला ऐकू आलं नाही.

कारण छज्जा आला.

धूळ बसली तेव्हा कमान नव्हती. खुर्च्या कुठल्या आणि सिमेंट कुठलं, ते सांगता येत नव्हतं. उमाताई फुटपाथवरच बसल्या होत्या. नानासाहेब त्यांच्याजवळ वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "माझी खुर्ची मधोमध व्हती, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं दुकान रिकामं केलं. हे पाहून बाकीच्या गाळेधारकांना मोठा धीर आला: अध्यक्षांनी केलं, म्हणजे सर्वांच्या वतीनं झालंच. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंद झाली, की समितीच्या नियोजनामुळे छज्जा उतरवण्याचं काम विनाअपघात पार पडलं, त्याबद्दल फोटोग्राफरचे आभार. उमाताईंनी सचिवपद सोडलं. त्या जागेवर आता सत्यम आहे, आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीची पूर्वतयारी जोमात आहे.

वाचकहो, या लोकांचं आपल्याला हसू आलं असेल. जरूर हसा. मग वेळ मिळाला की आपल्या जिन्यात जाऊन मान वर करा. तिथली ती चीर आपल्याला नवी नाही. मागच्या बैठकीत तोच विषय होता. आपण त्या संध्याकाळी बाहेरगावी होतात. म्हणजे वर, स्वतःच्याच घरात, दिवा मालवून.