चौकात दगडाबाई

मुरुम गावच्या चौकात कुणाचा फोटो लागावा याला पात्रतेची कसलीही अट नाही. वाढदिवस असला तरी चालतो, निवड झाली तरी चालते, निवड होता होता राहिली तरीही चालते. गेल्या पोळ्याला गुरुसिद्धप्पांच्या बैलाचा फ्लेक्स लागला होता, डोळ्यांवर गॉगल घालून. त्यांच्या गोठ्यात राबून त्या बैलाला वर्षभर वैरण घालणाऱ्या दगडाबाईंचा फोटो मात्र तिथं कधीच लागला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला चांगलीच लागून राहिली होती.

म्हणून भाचीनं, म्हणजे शिवांजलीनं, "आत्या, माझ्या पिक्चरमध्ये भूत होता का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हते की. पर माझा फोटू चौकात लागला पायजे. बैलाएवढा तरी."

"लावते. शब्द दिला," शिवांजली म्हणाली. शब्द द्यायला काही लागत नाही, असं तिला तेव्हा वाटत होतं.

शिवांजली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. महाविद्यालयाच्या स्पर्धेसाठी तिनं 'हापशावरची' नावाचा छोटासा भयपट रचला होता. गावाबाहेरचा हापसा कित्येक वर्षं कोरडा, पण एक बाई रोज तिथं येते आणि भरलेला हंडा घेऊन जाते, एवढीच गोष्ट. दगडाबाईंनी काम असं केलं की मोबाइल धरून चित्रण करणारा वर्गमित्र नंदीश दचकून मागं सरकला. खरं तर त्यांनी विशेष काही केलंच नव्हतं. पाण्यासाठी ताटकळून बाईचा जो चेहरा होतो, तो त्यांच्याकडं तयारच होता.

आता राहिला फ्लेक्स. शिवांजली प्राचार्य योगीराज सरांकडं परवानगीला गेली.

"फ्लेक्सवर कोण कोण आहे?" सरांनी विचारलं.

"दगडाबाई, सर. मुख्य भूमिका."

"त्या नंतर. आधी संस्थेचे सचिव अण्णाराव साहेब, प्रेरणास्थान म्हणून. मग त्यांचे चिरंजीव, युवा प्रेरणास्थान. मग मी, मार्गदर्शक. बाकीच्यांना शुभेच्छुकमध्ये बसवू. जागा उरली तर भूत."

जागा उरली. डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण नमुना पाहून अण्णाराव साहेब नाराज झाले.

"बाई लई उदास दिसतीय," ते म्हणाले. "माझ्या शेजारी माणूस हसरं पायजे."

"साहेब, भयपट आहे," शिवांजली म्हणाली.

"असू दे ना. भय असावं, पण प्रसन्न असावं."

भूत काही हसेना, म्हणून भूत काढण्यात आलं. त्या जागी साहेबांच्या सौभाग्यवती आल्या. त्या हसत होत्या.

इथवरही ठीक होतं. पण प्राचार्यांची बुद्धी एकदा चालू लागली की कुणाच्या बापाच्यानं थांबत नसे. फ्लेक्सवर जे आहेत ते चित्रपटात नसतील, तर ती प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक ठरेल, असा मुद्दा त्यांनी काढला. मुद्दा बिनतोड होता. त्यामुळं अण्णाराव साहेबांच्या शुभहस्ते कोरड्या हापशाचं लोकार्पण चित्रित झालं. चिरंजीवांनी मोटारसायकलवरून हापशाला फेरी मारली. प्राचार्यांनी अंधश्रद्धेवर दोन शब्द सांगितले आणि ते नेहमीप्रमाणे लांबले. भूत उरलं ते शेवटी, साहेबांना शाल-श्रीफळ देण्यापुरतं.

"आगं, भूत झाल्यावर बी ह्येंचेच सत्कार करायचे व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. पण कामाला चुकणाऱ्या नव्हत्या त्या. दिला नारळ.

शिवांजलीला त्या दिवशी रडू आलं. पिक्चरचं जे झालं ते झालं, पण आत्याला दिलेला शब्द तिला गिळवेना. आत्या रोज चौकातून जाताना तिथं चढलेला साहेबांचा फ्लेक्स मान वर करून पाहत होत्या.

शेवटी तिनं वीरप्पांच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन वेगळा फ्लेक्स सांगितला, फक्त आत्याचा. चांगल्या भयपटाच्या पोस्टरवर मजकूर जितका कमी तितकी भीती जास्त, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. म्हणून काळी पार्श्वभूमी, डोक्यावर पदर घेतलेला दगडाबाईंचा कृष्णधवल चेहरा, बाजूला एक तेवती पणती, आणि खाली, 'शनिवारी सकाळी अकरा वाजता, महाविद्यालयाचे सभागृह. सर्वांनी उपस्थित राहावे.' चित्रपटाचं नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. वीरप्पांच्या दुकानात रंग नसलेला चेहरा आला की त्याखाली झेंडूची फुलं टाकायची पद्धत होती. ती त्यांनी सवयीनं टाकली, वर पैसेही घेतले नाहीत.

गुरुवारी फ्लेक्स चौकात चढला. बैलाच्या फ्लेक्सपेक्षा वीतभर मोठाच होता.

दुपारपर्यंत गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला आणि हात जोडण्याची रांग लागली. कुणी लिहिलं, 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.' संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला.

"शिवांजली, वाईट झालं. शनिवारचा कार्यक्रम आता शोकसभा म्हणून घेऊ."

"सर, आत्या घरीच आहेत. भाकरी थापतायत."

"बाळा, दुःखात असे भास होतात," सर हळुवारपणे म्हणाले. "स्वतःला सांभाळ."

"सर, फोन देऊ का त्यांना?"

"नको. साहेबांचा शोकसंदेश छापून झालाय. आता कुणाशी बोलून काय उपयोग?"

शुक्रवारी अण्णाराव साहेबांनी चौकात स्वतःचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यात साहेब पुरुषभर उंचीचे, पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून उभे होते. दगडाबाई त्यांच्या कोपरापाशी होत्या.

शनिवारी सभागृह खचाखच भरलं. दगडाबाई नवं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, आपला पिक्चर बघायला. शेजारची बाई त्यांच्याकडं पाहून डोळे पुसत म्हणाली, "लई चांगल्या व्हत्या हो. तुमी त्यांच्या कोण?"

अण्णाराव साहेब बोलायला उठले. दगडाबाई या संस्थेच्या आधारस्तंभ होत्या, कलेसाठी त्यांनी आयुष्य वेचलं, आणि जाण्यापूर्वी त्यांचा शेवटचा नारळ आपल्याच हाती आला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तेव्हा मात्र दगडाबाईंना राहवेना.

"आवो साहेब, म्या जित्ती हाय की!"

सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी चष्म्यातून पाहिलं. मग हातातल्या भाषणाकडं पाहिलं. अजून बरंच उरलं होतं.

"ताई, खाली बसा," ते म्हणाले. "शेवटी सगळ्यांना बोलायची संधी देणार आहोत."

दगडाबाई खाली बसल्या. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना झाली तेव्हा उठूनही उभ्या राहिल्या. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत आणि आपण बसून राहायचं, हे त्यांना बरं दिसेना. वेळेअभावी चित्रपट रद्द झाला.

परतताना त्या चौकात थांबल्या. शिवांजलीनं दोर सोडायला हात वर केला.

"आत्या, माझ्यामुळं झालं हे सगळं. उतरवते मी."

"ऱ्हाऊ दे गं. जित्तेपणी लावायला किती जणांची परवानगी लागत व्हती. मेल्यावर बघ, कुणीबी आडवं आलं न्हाय." त्या आपल्या चेहऱ्याकडं पाहत राहिल्या. "बैलापरीस बरी दिसते की म्या."

फ्लेक्स अजून तिथंच आहे. ग्रुपवरची ती रांगही पुसलेली नाही, आणि परवा शिवांजली ती वरपासून खालपर्यंत वाचत होती. ओळखीची बरीच नावं सापडली. तुमचंही होतं. तुम्ही तर फोटो उघडूनही पाहिला नव्हता, नुसते हात जोडलेत आणि पुढच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता, तिकडं गेलात.