महोदय, प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला

कंप्युटर बंद पडला की कोणी त्याला शिव्या देतं, कोणी त्याच्या डोक्यावर चापट मारतं, कोणी चहाला निघून जातं. आमचे कादरभाई त्याला अर्ज लिहायचे.

म्हणजे असं, की पत्रं टाइप करायचा प्रोग्रॅम उघडता उघडता बंद पडला की स्क्रीनवर एक चौकट यायची. 'काय झालं ते आम्हाला कळवा', आणि खाली 'पाठवा' असं बटण. तुम्ही-आम्ही ती न वाचताच घालवून देतो. कादरभाई चष्मा पुसायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि सुरू करायचे : 'महोदय, सविनय सादर करण्यात येते की...' शेवटी 'आपला विश्वासू'. वर जावक क्रमांक, आणि तो क्रमांक जावक रजिस्टरातही. उत्तर आलं नाही की स्मरणपत्र. आता स्मरणपत्रासाठी चौकट पुन्हा यायला हवी आणि त्यासाठी प्रोग्रॅम पुन्हा बंद पडायला हवा. तेवढी सोय तो प्रोग्रॅम नेमाने करायचा; चार-पाचदा पडल्यावर एकदा उघडला तर उघडायचा.

बदनापूरला आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी हिशेब बघते आणि कादरभाई पत्रव्यवहार. मी जालन्याहून येऊन-जाऊन करते, ते स्टेशनामागे राहतात. कार्यालय म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. टेबलं सहा आणि माणसं दोन. बाकीचे निवृत्त झाले, त्यांच्या जागा कोणी भरल्या नाहीत. त्यांच्या खुर्च्यांवर आता कागदांचे गठ्ठे बसतात. फोन क्वचित वाजतो आणि वाजला तर बहुधा चुकीचा असतो. अशा खोलीत दोघांनी एकमेकांच्या सवयी सोसल्या नाहीत तर दिवस सरत नाही.

प्रोग्रॅम का बंद पडतो याविषयी कादरभाईंची स्वतःची मतं होती. पंखा जोरात असला की पडतो. दारात चपला उलट्या पडल्या की पडतो. मी घाईत असले की हमखास पडतो.

"ताई, तुम्ही जल्दी करता, त्याला टेन्शन येतं."

"कादरभाई, ती मशीन आहे."

"मशीन हाय म्हणूनच तर. माणसाला थांब म्हणून सांगता येतं."

चौकटीतला मजकूर ते मोठ्याने बोलत लिहायचे. "सकाळी आल्या आल्या टेबल पुसलं. मंग माठ भरला. पाणी आज खारट लागून राह्यलंय. मॅडमचं डोकं दुखतंय. त्यानंतर सदर प्रोग्रॅम बंद पडला."

"माझ्या डोक्याचं त्यांना काय करायचंय?"

"सगळा हाल सांगायला पाहिजे ना ताई. अर्धी बात सांगितली तर समोरच्याला काय समजणार?"

हे असंच चालू राहिलं असतं. पण शाळांच्या मान्यतेचा प्रस्ताव रखडला आणि सचिवांनी जावक रजिस्टर मागवलं. पानंच्या पानं 'कंप्युटर कंपनी, स्मरणपत्र' बघून त्यांचं डोकं तापलं.

"कादरभाई, शुक्रवारपर्यंत प्रस्ताव गेला नाही तर सोमवारपासून तुम्ही शहागडच्या शाळेवर. तिथं कंप्युटरच नाही. बसा हातानं लिहीत."

शहागड म्हणजे सकाळी एसटीत बसायचं ते अंधार पडताना परत उतरायचं. दुसऱ्या कोणाची गैरसोय झाली असती, कादरभाईंना ते शक्यच नव्हतं. त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, दीडेक वर्षापूर्वी लकवा झाला. मूलबाळ नाही. शेजारीण जाऊन-येऊन लक्ष ठेवते, पण दुपारी कादरभाई स्वतः घरी जातात, भाभींना भरवतात, कूस बदलून देतात आणि परत येतात. शहागडहून दुपारी घर गाठता येत नाही. हे सचिवांनाही माहीत होतं.

कादरभाई "जी साहेब" म्हणाले, टेबलाशी येऊन बसले आणि प्रोग्रॅम उघडला. तो पडला. चौकट आली. त्यांनी चष्मा काढला.

"बास," मी म्हणाले. "उठा तिथून."

मला कंप्युटरमधलं काही कळत नाही. पण घरात फ्यूज उडाला की एकेक बटण बंद करत दोष कुठे आहे ते शोधता येतं. तसंच करायला घेतलं. दुसरी फाइल उघडली, पडला. कोरं पान उघडलं, पडला. कादरभाईंच्या समाधानासाठी पंखा बंद केला, चपला सरळ केल्या, तरी पडला. म्हणजे दोष पत्रात नव्हता, उघडण्यातच होता. मग जालन्याच्या दुरुस्तीवाल्या नितीनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, प्रिंटर कोणता जोडलाय?"

"कुठलाच नाही. आम्ही सचिवांच्या खोलीत जाऊन छापतो. इथला जुना प्रिंटर मागच्या वर्षी शहागडच्या शाळेला दिला."

जिथे कंप्युटर नाही त्या शाळेला प्रिंटर का दिला, हे नितीनने विचारलं नाही. आमच्या संस्थेत आम्हीही विचारत नाही.

"हां, मंग मशीन अजून त्यालाच शोधून राह्यली असंल. त्याचं नाव काढून टाका."

तो सांगत गेला, मी बटणं दाबत गेले. वर्षभर ही मशीन शहागडला गेलेल्या प्रिंटरला हाका मारत होती आणि तो ओ देत नाही म्हणून मान टाकत होती. नाव काढलं. प्रोग्रॅम उघडला आणि उघडाच राहिला. मी पंखा मुद्दाम जोरात केला, तरी राहिला.

"कंपनीला अर्ज लिहिणारे काका तिथंच असतात ना?" नितीन हसत म्हणाला. "काका, ते कोणी वाचत न्हाई बरं का!"

मी फोन बंद केला, पण जे ऐकू जायचं ते गेलं होतं.

कादरभाईंनी मान वर न करता प्रस्ताव टाइप केला. मी तपासला, सचिवांनी सही केली आणि शहागडचं नाव परत काढलं नाही. माणूस आता खुलेल असं मला वाटलं. पण ते विझलेल्या चेहऱ्याने स्क्रीनकडे बघत बसले. दुपारी घरी जायची वेळ उलटून चालली होती.

"त्या नितीनचं मनावर घेऊ नका," मी म्हणाले.

"मला काय येडा समजता का ताई? कोणी वाचत न्हाई ते मला पयलेपासून म्हाईत हाय."

"मग जावक क्रमांक टाकून लिहीत कशाला होता?"

त्यांनी पिशवी उचलली, परत खाली ठेवली.

"लकवा झाल्यापासून जुबेदा बोलत न्हाई. डॉक्टर म्हणले, समजतंय का न्हाई सांगता येत न्हाई, पण तुम्ही बोलत राहा. ताई, मी जिंदगीभर घरी बोललोच न्हाई. बोलायची ती, मी नुसतं हां-हूं करायचो. आता तिच्यापुढं बसलो की दोन वाक्यं होतात आन् मंग अटकतो. समोरून जवाब येत नसताना बोलायचं लई अवघड काम हाय. इथं लिहून लिहून आदत झाली. जे इथं लिहिलं, तेच घरी जाऊन तिला सांगायचो. माठाच्या पाण्यापासून सगळं."

मी समोरच्या खुर्चीवरचा गठ्ठा उगाचच सरळ केला.

ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि तिथेच थांबले.

"आज तर काही बंदच पडलं न्हाई. आज काय सांगू तिला?"

"प्रिंटरचं सांगा."

"शहागडच्या?"

"हो. अगदी पहिल्यापासून सांगा. आणि सावकाश या, मी आहे इथं."