‘मिळाला’ दाबा

बाराच्या आत निवड सांगायची होती आणि बृहस्पतीला घाम फुटला होता. हे नाव त्याला ऑफिसने दिलेलं. कंपनी पार्सलांची. ऑर्डर घेणारी सिस्टीम गोदामाच्या सिस्टीमला निरोप धाडायची, ते वाटेतच हरवायचे आणि पार्सलं भलत्याच दारात जाऊन उभी राहायची. निरोपांची ही ने-आण आता बाहेरच्या सेवेकडे सोपवायची होती. सेवा दोन होत्या. ‘यातलं मला सगळं कळतं’ असं सांगून त्याने नोकरी मिळवली होती, आणि ती कायम होणं या निवडीवर अडलं होतं. सगळं कळण्याची ही खोड घरातलीच. सकाळी प्लंबरला न बोलावता त्याने स्वतःच नळ खोलला होता, आणि बायको अजून पाणी उपसत होती.

पहिल्या सेवेच्या चाचणीत निरोपाची रिकामी चौकट आली. चाचणीच ती, जाणार कुठे, म्हणून त्याने मनात होतं तेच लिहून धाडलं: ‘मला यातलं काहीही कळत नाही.’ खाली त्याचं नाव आपोआप उमटलं. पत्त्यांच्या जागी मात्र त्यानेच काल ऑफिसची खरी यादी भरून ठेवली होती, आणि बाहेरचा एक नंबर हवा म्हणून बायकोचाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाई आधी आपल्या स्क्रीनकडे आणि मग त्याच्याकडे बघू लागल्या. दोन मिनिटांनी तोच निरोप पुन्हा आला. मग पुन्हा. त्याने सेवेच्या मदतकेंद्राला फोन लावला.

“तेवढा एक निरोप हरवा हो,” तो काकुळतीला येऊन म्हणाला.

“आमच्याकडे निरोप हरवत नाही, सर,” पलीकडची मुलगी अभिमानाने म्हणाली. “घेणाऱ्याने ‘मिळाला’ दाबेपर्यंत जातच राहतो.”

मग तो टेबलाटेबलाशी जाऊन हातापाया पडला. प्रत्येकाने निरोप आधी मोठ्याने वाचला आणि मगच दाबलं. उरले साहेब.

साहेबांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. “अकरा वेळा आला,” ते म्हणाले. नोकरी गेली हे तो धरूनच चालला होता. “गोदामात माझा एक निरोप धड पोचत नाही. हीच सेवा घ्या. आणि तुम्ही कायम. स्वतःची अब्रू पणाला लावून चाचणी कोण करतं?”

खरं काय ते त्याच्या जिभेवर आलं होतं, पण त्याने आधी साहेबांकडून ‘मिळाला’ दाबून घेतलं.

जागेवर येऊन बघतो तर यादीत एकाचं ‘मिळाला’ बाकी होतं. त्याने घरी फोन लावला.

“अगं, तो निरोप आलाय ना? दाब की.”

“नाही दाबत,” बायको निवांतपणे म्हणाली. “चौदा वर्षांत पहिल्यांदा कबूल करताय. येऊ दे अजून. आत्ताच प्लंबरला पण वाचून दाखवला.”