पितळी घंटी आणि बारा कोअर

आजवर मी हजारो दात काढले आहेत. वाकडे, आडवे, हाडात दडून बसलेले, आणि काही तर मालक माझं मनगट दोन्ही हातांनी धरून बसलेला असताना. सव्वीस वर्षांत चुकीचा दात एकदाही काढला नाही. त्यामुळे कॉम्प्युटरचा प्रोसेसर मी स्वतः बदलणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा त्यात फुशारकी अशी काही नव्हती. खोबणीतून एक काढायचा आणि दुसरा बसवायचा. इथे तर पेशंट ओरडतही नाही.

बायको शाळेत भूगोल शिकवते. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "माणूस बोलवा की."

"माणूस कशाला? मी डॉक्टर आहे."

"दातांचे," ती म्हणाली आणि कुणाच्या तरी नकाशावर लाल फुली मारली.

हा सगळा खटाटोप एका घंटीसाठी होता. मी अकरा वर्षांचा आणि दादा पंधराचा असताना आमची सायकलची शर्यत लागली होती. फाटकाला ज्याचा हात आधी लागेल त्याला बाबा पितळी घंटी देणार होते. ती मला मिळाली. दादाचं म्हणणं, हात त्याचा आधी लागला होता आणि मी धाकटा म्हणून बाबांनी डोळेझाक केली. या गोष्टीला आता एक्केचाळीस वर्षं झाली. घंटी माझ्या दवाखान्यात टेबलावर असते. मी ती वाजवली की पुढचा पेशंट आत येतो. दादा फोनवर असताना ती वाजली की तो अजूनही बोलता बोलता थांबतो.

दादा आता दुसऱ्या गावी असतो. दर रविवारी पाच वाजता आम्ही कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळतो. तो त्याच्या घरी, मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे दातांचे प्लास्टरचे साचे घासायचं यंत्र आहे त्याच्या शेजारी. सलग चौदा रविवार मी हरलो होतो. शेवटच्या वळणावर माझ्या पडद्यावरचं चित्र थिजायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा माझी गाडी कठड्यात घुसलेली असायची. पंखा तर एरवीही असा घरघरायचा की बाहेर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघायचे. आठ वर्षांपूर्वी घेतला तेव्हा या कॉम्प्युटरपुढे टिकेल असं काही नव्हतं. आता त्याचं वय झालं होतं. दादाने मात्र गुपचूप नवा घेतला असणार, याबद्दल माझी खात्री होती.

बुधवारी दादाचा फोन आला. "पंधराव्यांदा हरायला तयार आहेस ना?"

"या रविवारी बघच तू."

"बघतो. हरलास तर घंटी पार्सल कर. आणि घरच्या ग्रुपवर लिही, हात दादाचा आधी लागला म्हणून. मी हरलो तर पुन्हा आयुष्यात हा विषय काढणार नाही."

मी म्हटलं, "कबूल."

एवढ्या तोऱ्यात हो म्हणायला कारण होतं. माझ्या वहीत नऊ प्रोसेसरची नावं उतरवलेली होती. कोअर म्हणजे आतली डोकी, एवढं मला वाचून समजलं होतं. माझ्या जुन्यात चार होती. बाजारात सहाचा होता, आठाचा होता. मी बाराचा पक्का केला. एका घंटीसाठी लढायचं तर बारा डोकी बरी.

गुरुवारी योगायोगाने कॉम्प्युटर दुरुस्तीवालाच पेशंट म्हणून आला. खालची उजवी दाढ. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "काढून टाका डॉक्टर, रोजची कटकट नको."

मी त्याला माझं ठरलेलं व्याख्यान दिलं. "काढायला दोन मिनिटं लागतात हो. आधी आत काय साचलंय ते बघू, स्वच्छ करू. दात धडधाकट आहे, कीटण साचलंय नुसतं. धडधाकट दात उपटायचा म्हणजे पाप आहे."

मग मी त्याची हिरडी बधिर केली, गालात कापूस कोंबला, थुंकी ओढायची नळी अडकवली आणि गप्पा सुरू केल्या. उघड्या तोंडाच्या माणसाशी बोलायला मला आवडतं, कारण तो मध्ये बोलत नाही.

"तुमच्याच धंद्यातली गोष्ट," मी म्हटलं. "माझा कॉम्प्युटर अडकतो. गरम होतो, घरघरतो. रविवारी प्रोसेसर बदलतोय. बारा कोअर."

त्याने मान जोरात हलवली. "आं. आं आं."

"दुखतंय?"

त्याने दोन्ही हात हलवले. मग मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. मग गाल फुगवून अशी जोरात फुंकर मारली की कापसाचा बोळा उडून माझ्या चष्म्यावर बसला.

"बरंच दुखतंय तुम्हाला," मी म्हटलं आणि आणखी एक इंजेक्शन दिलं.

आता त्याची जीभही झोपली. तरी गडी ऐकेना. त्याने मूठ वळून हवेत ब्रश फिरवल्यासारखं केलं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "दिवसातून दोनदा, हलक्या हाताने."

त्याने डोळे मिटून घेतले. जाताना तोंडाला रुमाल धरून दारात थांबला आणि माझ्याकडे इतक्या करुणेने बघितलं की मला वाटलं, औषध जरा जास्तच झालं.

शनिवारी मी प्रोसेसर आणला. दुकानदार विचारत होता, "बोर्ड कोणता आहे तुमचा? किती जुना?" मी म्हटलं, "खोबण तीच आहे, नाव लिहून आणलंय." खोबण जुळली की सगळं जुळलं, यात विचारण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

रविवारी अकरा वाजता मी मास्क लावला, हातमोजे चढवले, ट्रेमध्ये हत्यारं मांडली आणि डोक्यावरचा दिवा लावला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "त्याला आ करायला सांगा." मी लक्ष दिलं नाही. झाकण काढलं. आत सगळं पांढरं होतं. बोर्ड पांढरा, तारा पांढऱ्या, पंखाही पांढरा. मला वाटलं, आतून असाच रंग देत असतील.

प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवलेला असतो. तो आधी काढायचा होता. स्क्रू सोडवले तरी हलेना. पण घट्ट बसलेली वस्तू काढण्यात माझी उभी हयात गेली आहे. मी पकड घेतली, डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं आणि मनगटाला तो एक ठेवणीतला झटका दिला.

कट् असा आवाज झाला.

पंखा हातात आला. त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही आला. खोबणीची कडी लावलेली होती ती लावलेलीच होती. मी हबकून बघतच राहिलो. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक काढताना दोन कधी निघाले नव्हते. प्रोसेसरच्या पोटाला हजारभर बारीक सुया असतात, त्यातल्या दोन ओळी आडव्या झोपल्या होत्या.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. तसाही टाकायचाच होता." मी तो पंख्यासकट ट्रेमध्ये ठेवून दिला.

नवा मात्र खोबणीत अलगद बसला. त्याच्यासोबत नवा पंखा आला होता. त्याच्या बुडाला राखाडी, चिकट कीटण होतं. नव्या वस्तूला कीटण बघून मला कंपनीचा रागच आला. मी ते खरवडून खरवडून लख्ख केलं. आता पंखा चिकटवायला काहीतरी हवं होतं. पुस्तिकेत कसल्याशा पेस्टचा उल्लेख होता, पण खोक्यात ट्यूब काही सापडली नाही. माझ्याकडे दातांवर टोप्या बसवायचं सिमेंट होतं. ते कालवलं, प्रोसेसरवर पसरलं, पंखा ठेवला आणि पाच मिनिटं दाबून धरला. सवयीने म्हणालो, "तासभर काही खाऊ नका."

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळा. तारा काढल्या, लावल्या. काळाच. एक वाजला, दीड वाजला. टेबलावरची घंटी उचलली आणि न वाजवता परत ठेवली. ती घंटी वाजवून मी माझ्या पहिल्या पेशंटला आत बोलावलं होतं. बाबा तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मोजत होते, किती वेळा वाजते ते.

बायकोने न विचारताच दुरुस्तीवाल्याला फोन लावला होता. तो अडीच वाजता आला. दाढ आता शांत होती, जीभ जागी झाली होती. त्याने वाकून बघितलं, बोटाने टोकरलं आणि विचारलं, "डॉक्टर, हे काय लावलंय?"

"सिमेंट. उत्तम दर्जाचं. दहा वर्षं हलत नाही."

"आणि पंख्याखाली पेस्ट लावलेली असते ती?"

"पेस्ट?"

"राखाडी."

ते कीटण नव्हतं हे माझ्या आत्ता लक्षात येत होतं.

तो खाली जमिनीवर बसला. मग एकेक करून सांगू लागला. सिमेंटमधून उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे हा प्रोसेसर आता भाजून मरणार. शिवाय बोर्ड आठ वर्षांचा, त्याला हा नवा ओळखूच येत नाही. आधी जुना बसलेला असताना बोर्डाला नव्याची ओळख करून द्यावी लागते. दुकानदार विचारत होता ते हेच.

"मग आता?"

"जुना कुठाय?"

मी ट्रे पुढे केला. सुया बघून त्याने कपाळाला हात लावला. "हे माझ्याकडून व्हायचं नाही. इतकं बारीक हत्यारच नाही माझ्याकडे."

माझ्याकडे होतं. दात साफ करायचा रेशमी दोरा मी पंखा आणि प्रोसेसरच्या मध्ये घातला, हळूहळू सरकवला आणि दोघांना सुटं केलं. मग भिंग लावलं, सर्वांत बारीक टोकाची सळी घेतली आणि एकेक सुई उभी करत गेलो. वाकडे दात सरळ करायला दोन वर्षं लागतात. मी एक तास वीस मिनिटांत सगळी बत्तिशी सरळ केली. दुरुस्तीवाला दिवा धरून उभा होता. म्हणाला, "हात आहे तुमच्याकडे, डॉक्टर." त्या दिवसातलं ते एकमेव चांगलं वाक्य.

मग त्याने जुना पंखा उचलला, खिडकीशी नेला आणि पिशवीतला ब्लोअर लावला.

अख्खी खोली पांढरी झाली. बायको खोकत बाहेर पळाली. धुरळा बसला तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या भुवया पांढऱ्या होत्या आणि त्याच्या तळहातावर प्लास्टरचा मूठभर गड्डा होता. आठ वर्षं मी शेजारी साचे घासत होतो आणि ती सगळी भुकटी हा बिचारा पंखा नाकाने ओढत होता.

"रंग नव्हता तो?" मी विचारलं.

त्याने एक हात मागच्या यंत्राकडे दाखवला. गाल फुगवून फुंकर मारली. मूठ वळून हवेत ब्रश फिरवला. गुरुवारचं सगळं जसंच्या तसं.

"गुरुवारी मी हेच सांगत होतो," तो म्हणाला. "तुम्ही इंजेक्शन दिलंत."

"मग नंतर तरी सांगायचं."

"मला वाटलं, झाकण उघडलंत की दिसेलच. डोळे आहेत ना माणसाला." मग शांतपणे म्हणाला, "प्रोसेसर धडधाकट होता, डॉक्टर. कीटण साचलं होतं नुसतं."

मी माझ्याच पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसलो.

पावणेपाचला, सिमेंटवाला नवा प्रोसेसर पंख्यासकट उपटून त्या जागी जुना प्रोसेसर, जुना पंखा आणि नवी पेस्ट लावून कॉम्प्युटर सुरू झाला. आवाज नाही, घरघर नाही. मी दोनदा वाकून बघितलं, पंखा फिरतोय ना म्हणून. पाच वाजता शर्यत लागली. चित्र एकदाही थिजलं नाही. शेवटचं वळण मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बघितलं. सुंदर वळण आहे. दादाची गाडी त्या वळणावरून नऊ सेकंद आधीच निघून गेली होती.

म्हणजे चौदा आठवडे मी कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडत होतो ती उगाच. मी नुसताच हरत होतो.

फोन वाजला. मी आधी विचारून घेतलं, "दादा, खरं सांग. तुझा प्रोसेसर कोणता आहे?"

"कोणता म्हणजे? तुझाच. दोन्ही कॉम्प्युटर एका दिवशी तूच नाही का निवडलेस? विसरलास?"

मी खरंच विसरलो होतो. "मग तुझा गरम होत नाही? अडकत नाही?"

"का अडकेल? तुझी वहिनी दर शनिवारी झाकण काढून ब्रश मारते. घेतला तेव्हा तूच तिला बजावलं होतंस, वहिनी, ब्रश चुकवायचा नाही म्हणून. दातांचा डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर तिने आठ वर्षांत एक शनिवार चुकवला नाही."

माझ्या पाठीमागे बायको उभी होती. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन. ती बाहेर गेली आणि मग हसली.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, हात दादाचा आधी लागला होता. सोमवारी घंटी कापसात गुंडाळून पाठवली. कापूस दवाखान्यातलाच. ती पोचल्यावर दादाने फोन केला आणि फोनजवळ धरून नुसती एकदा वाजवली. मी ऐकली आणि बोलता बोलता थांबलो.

आता पेशंटला बोलवायचं कसं, हा प्रश्न होता. पण सिमेंटने एकजीव झालेला प्रोसेसर आणि पंखा टेबलावर पडूनच होता. वजनदार आहे. तोच उचलून मी टेबलावर आपटतो आणि पुढचा पेशंट दचकून आत येतो. बारा कोअर आहेत त्यात. आवाज मात्र एकच येतो, टक्.